सात नंबरची तार

९ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहून गेलो. मग ते फाडलं आणि दुसरं आणायला दुकानात गेलो. तेवढ्यात टपाल निघून गेलं होतं, म्हणून हे पत्र एक दिवस उशिरा मिळेल.

दफनाच्या दिवशी तुम्ही चिठ्ठी माझ्या हातात दिली नाहीत, हिच्या हातात दिलीत. हिने ती चार दिवस पर्समध्ये ठेवली आणि काल जेवताना पुढ्यात टाकली. म्हणाली, "तुमच्यासाठी आहे. मी वाचलीय."

तुमचा प्रश्न वाचला. 'यांनी सगळ्या तारा काढल्या होत्या. मग सात नंबरवर तार आली कुठून? माहीत असेल तर लिहा. माहीत नसेल तर काहीच लिहू नका.'

तुरुंगातून दादाचं सामान आणलं. सही करून घ्यावं लागतं. चष्मा, राखाडी स्वेटर, दोन सदरे, छकुलीने बाबासाठी काढलेली तीन चित्रं आणि त्याचं पवित्र शास्त्र. शास्त्राचं पुठ्ठ्याचं कव्हर सुटलं होतं, त्याने ते तिथे चिकटपट्टीने नीट बसवून घेतलेलं दिसतं. मिस्त्रीचा हात, लगेच ओळखू येतो. तिथले शिपाई म्हणाले की पंख्यापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं त्यानेच दुरुस्त केलं. त्यातला एक म्हणाला, "तुमचा भाऊ गेल्यापासून आमचा पंप पुन्हा ओरडतो."

छातीत पाणी झालं होतं, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच आहे. शेवटचे काही महिने कामामुळे मला भेटीला जायला जमलं नाही.

प्रश्नाचं उत्तर सविस्तर लिहायला हवं. पुढच्या पत्रात लिहितो. सामान पार्सलने पाठवतो आहे.

तुमचा दीर

१८ फेब्रुवारी

वहिनी,

पार्सल मिळाल्याचं तुमच्या भावाने कळवलं. तुम्ही स्वतः काही लिहिलं नाहीत. बरोबरच आहे.

मला पाळीचा अहवाल लिहायची सवय आहे, पत्रं लिहायची नाही. म्हणून क्रमाने लिहितो. तुम्ही कारखान्याच्या आत कधी आला नाहीत, तेव्हा थोडं यंत्राचंही सांगतो.

फरशीची माती मळायला आमच्याकडे अकरा मिक्सर आहेत. माणूस आत उभा राहील एवढी एकेक टाकी, आत लोखंडी पाती फिरतात. वर झाकण. झाकण उचललं की एक स्विच सुटतो आणि यंत्र आपोआप थांबतं. थांबायलाच हवं. पण एकदा थांबलं की माती तळाला बसते, आणि पुन्हा सुरू करायला वीसेक मिनिटं जातात. माती पात्यांना तर दर तासाला चिकटते. दर वेळी थांबायचं म्हटलं तर पाळीचा माल पुरा होत नाही. म्हणून स्विचला तांब्याच्या तारेने असं बांधायचं, की झाकण उघडलं तरी यंत्राला ते बंदच वाटावं. मग माणूस चालत्या यंत्रात वरून लांब दांडा घालून माती सोडवतो. याला आम्ही स्विच झोपवणं म्हणतो. "चार नंबर झोपवला का?" असं उघड विचारायचे. मोठे साहेब विचारायचे नाहीत, पण झोपवला नसेल त्या दिवशी माल का कमी पडला ते विचारायचे.

ही बांधणी दादाने काढली. नऊ वर्षं अकरा यंत्रांवर त्यानेच बांधली. तेव्हा सगळ्यांचा तो लाडका मिस्त्री होता.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, तरी मी माझ्या बाकावरून जे पाहिलं ते लिहितो. आपल्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळकसाहेब विचारतात, "कोणाचा कोणावर अपराध असेल तर आधी तो मिटवून या." आपण लहान असल्यापासून ऐकतोय. दर वेळी एखादी बाई उठते, जावेला टाकून बोलले म्हणते, दोघी डोळे पुसतात आणि भाकर पुढे येते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरच्या रविवारी दादा उठला. मला वाटलं, दुपारच्या बैठकीची सूचना द्यायची असेल. तो म्हणाला, "मी नऊ वर्षं यंत्रांचे स्विच झोपवतोय. अजून कोणी मेलं नाही, ही देवाची दया. पण ज्यांना मी त्या यंत्रांपाशी उभं करतो ते माझ्या शेजारी बसून भाकर घेतात. ते मिटल्याशिवाय मी घेणार नाही."

पुढच्या बाकावर मालक होते. मागे निम्मा कारखाना. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला, तोही चुकीचा. पेटीवाल्याने एक वाजवलं आणि लोकांनी दुसरं म्हटलं.

दारात मालकांनी त्याचा हात हातात घेतला. चांगल्या शब्दांत म्हणाले, "मिस्त्री, चर्चमधलं चर्चमध्ये, कारखान्यातलं कारखान्यात." दादा म्हणाला, "साहेब, माणसं तीच आहेत."

सोमवारी त्याने अकराच्या अकरा तारा सोडल्या. तुम्ही म्हणालात ना, खिसाभर तारा घेऊन घरी आले होते. त्या दिवशी माझ्या पाळीचा माल निम्मा निघाला. लोक त्याला टोमणे मारायला लागले. "मिस्त्री, आज किती स्विचांना तारलंत?" "त्यापेक्षा मातीलाच बाप्तिस्मा द्या, लवकर मऊ पडेल." तो हसायचा. हसायचा म्हणून लोक जास्त चिडायचे. आपल्याला सवय होती की विश्वास म्हणजे रविवारी मन शांत करून घ्यायची गोष्ट. याच्या विश्वासाने कोणाचीच शांतता शिल्लक ठेवली नाही. घरी कोणी आजारी पडलं की त्याला प्रार्थनेला बोलवणारे लोक त्याच्याशी डबा खायला बसेनासे झाले.

तीन आठवड्यांनी सात नंबरच्या यंत्रात सापडून गवई गेला. गुणगुणत काम करायचा म्हणून गवई. झाकण उघडून दांडा घालत होता, बाही अडकली. स्विच झोपवलेला होता.

म्हणजे तार पुन्हा कोणीतरी बांधली होती, एवढं खरं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असं समजावं.

तुमचा दीर

२ मार्च

वहिनी,

तुमचं कार्ड आलं. 'एवढं मला माहीत होतं. विचारलं ते सांगा.'

आज रविवार आहे. मी चर्चला गेलो नाही. हिने विचारलं नाही.

चौकशीचं लिहितो. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, आतलं तुम्हाला वकिलांकडून कळलं असेल तेवढंच. कारखान्याने सांगितलं की तार गवयाने स्वतः बांधली, त्याचा निष्काळजीपणा. आम्हा सगळ्यांना ते सोयीचं होतं. मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही. त्याची बायको तेव्हा पॅकिंगला होती. तिला मग कारखान्याकडून काहीच मिळणार नव्हतं, पण ते आम्ही मनात येऊ दिलं नाही. वर्गणी काढू, असं बोललो.

आदल्या दिवशी पाळकसाहेब तुमच्या घरी आले होते, तेव्हा मीही होतो. ते म्हणाले, "भाऊ, कबुली देवापुढे असते. निरीक्षकापुढे नाही. दोनशे घरांची चूल त्या कारखान्यावर आहे." दादा म्हणाला, "गवई देवाकडे गेला, साहेब. त्याची बायको अजून इथेच आहे. लोक तिला सांगतात की तिचा नवरा स्वतःच्या मूर्खपणाने मेला. हे खोटं आहे, हे तिला कोण सांगणार?" पाळकसाहेबांनी तुम्ही दिलेला चहा तसाच ठेवला आणि गेले. वाईट माणूस नाही तो. त्याच्या चर्चचं छप्पर मालकांनी घातलंय.

दुसऱ्या दिवशी दादा उभा राहिला आणि म्हणाला, "गवयाने बांधली नाही. त्याला ही बांधणी येतच नव्हती. नऊ वर्षं हे स्विच मी बांधत आलो. ही पद्धत माझी आहे."

निरीक्षकांनी विचारलं, "त्या सकाळची तार तुम्ही बांधलीत?"

दादा गप्प राहिला.

"उत्तर द्या."

"माझं जे होतं ते मी सांगितलं, साहेब."

त्यांनी तो होकार धरला. त्याने तीन आठवड्यांपूर्वी सगळ्या तारा काढल्या होत्या, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या तारांपायीच तर सगळे त्याला शिव्या देत होते. पण ते बोललं तर पुढचा प्रश्न येणार, मग पुन्हा बांधली कोणी, आणि कोणाच्या सांगण्यावरून. कोणी तोंड उघडलं नाही. तुम्ही वकिलाला सांगितलं होतं, पण नवऱ्यासाठी बायको बोलणारच, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

मग कारखाना दोन महिने बंद राहिला. तुमच्या खिडकीच्या काचा, छकुलीच्या दप्तरात घातलेली माती, तुमचं गाव सोडणं, हे सगळं त्यानंतरचं. काचा फोडणाऱ्यांतले दोघे माझ्या पाळीचे होते. मी त्यांना ओळखलं होतं. काही बोललो नाही.

दादानंतर माझी साक्ष झाली. मला विचारलं, "तार कोणी बांधली, तुम्ही पाहिलंत का?" मी म्हणालो, "नाही साहेब."

आज इतकंच लिहवतं आहे.

तुमचा दीर

११ मार्च

वहिनी,

सात नंबरवरची तार मी बांधली.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. पंधरा दिवस माझ्या पाळीचा माल ठरलेल्यापेक्षा कमी येत होता. साहेब चारचौघांत म्हणाले होते, "मिस्त्रीचे भाऊ ना तुम्ही? मग तुम्हीही प्रार्थनाच करा, पाळी दुसऱ्याला देतो." मला राग साहेबांचा आला नाही, दादाचा आला. दादाची बांधणी मला येत होती, त्यानेच शिकवली होती. मी बांधली आणि गवयाला म्हणालो, "सात झोपवलाय, आज हात चालव." तो म्हणाला, "मिस्त्री ओरडतील." मी म्हणालो, "मिस्त्रीचं मी बघतो." दीड तासाने तो गेला.

दादाला त्याच दिवशी कळलं. गाठ बघून कळलं. प्रत्येकाच्या गाठीचा पीळ वेगळा असतो. तो माझ्या घरी आला, दोघंच होतो. मला वाटलं मारेल. लहानपणी मारायचा तसा मारला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "माझ्यावर नऊ वर्षांचं आहे, ते मी सांगणार. तुझ्यावर आजचं आहे. मी तुझं नाव घेणार नाही. माझ्या तोंडून आलं तर ती चुगली होईल, तुझ्या तोंडून आलं तर कबुली. मी थांबतो."

मी म्हणालो, "तुला उगाच आत टाकतील."

"उगाच कसं? नऊ वर्षं आहेत ना."

"आणि मी नाहीच बोललो तर?"

"तर मी थांबलेला असेन."

वहिनी, मी याचा पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, हे त्याने चुकीचं केलं. तुम्हाला आणि छकुलीला त्याचं भोगावं लागलं, आणि त्याने तुम्हाला विचारलंही नाही. तुम्ही त्याच्यावर रागावला असाल तर तो राग मला समजतो. त्याने दुसऱ्याच दिवशी माझं नाव घेतलं असतं तर मी त्याचा जन्मभर द्वेष केला असता आणि मजेत जगलो असतो.

आता ते भेटीचं. कामामुळे जमलं नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं. मी चार वेळा गेलो. दर वेळी तो माझ्या गुडघ्याचं विचारायचा, हिचं विचारायचा. तारेचं एकदाही नाही. चौथ्या वेळी मीच चिडून म्हणालो, "तू काही बोलत का नाहीस? शिव्या तरी दे." तो म्हणाला, "मी तुला कधीच माफ केलंय रे. आता तुझं तेवढं राहिलंय." जाळीच्या पलीकडून, पंपाचं बोलावं इतक्या साधेपणाने. त्यानंतर मी गेलो नाही. शिव्या देणाऱ्या माणसासमोर बसता येतं, वहिनी. त्याच्यासमोर मला बसवेना. चार महिने त्याच्याकडे कोणी गेलं नाही. तुम्हाला इतक्या लांबून येणं जमत नव्हतं. मी बसने पाऊण तासावर होतो.

त्या चार महिन्यांत मी दर वेळी भाकर घेतली. ताट पुढे यायचं आणि मी घ्यायचो.

हे पत्र तुमच्याकडे पुरावा म्हणून ठेवा. मी माघार घेतली तर ते निरीक्षकांच्या कचेरीत द्या.

तुमचा दीर

२९ मार्च

वहिनी,

तुमचं काही आलं नाही. मी येण्याची अपेक्षाही धरली नव्हती.

मी माघार घेतलेली नाही. सोमवारी कचेरीत जाऊन लेखी दिलं. तिथल्या कारकुनाने दोनदा वाचलं आणि विचारलं, "प्रकरण बंद झालंय. आरोपी वारलेत. आता कशाला?" मी म्हणालो, "तुम्ही शिक्का मारा." त्याने मारला. पुढच्या गुरुवारी जबाब आहे. वकील म्हणतात, आत जावं लागेल.

कारखान्यात दुपारपर्यंत कळलं होतं. साहेबांनी मला घरी पाठवलं. फाटकाबाहेर माझ्या पाळीचे लोक उभे होते. एक म्हणाला, "आता तुम्हालाही झटका आला का?" दुसरा म्हणाला, "घराण्यातच आहे तो." मला यंत्रांची काळजी वाटते आहे. अकरापैकी नऊ आज झोपलेले आहेत. तेही मी लेखी दिलंय, म्हणून कारखाना पुन्हा बंद पडेल आणि या वेळी काचा आमच्या फुटतील. ही माहेरी जायला तयार नाही. म्हणते, "इतके दिवस तुमच्याबरोबर खोटं बोलून राहिले, आता खरं बोलून राहायला काय झालं?" तिला किती आधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही.

मला देव भेटला, असं मी लिहिणार नाही. मन हलकंही झालेलं नाही. झोप पूर्वीसारखीच आहे.

कचेरीच्या तीन दिवस आधी मी गवयाच्या बायकोकडे गेलो होतो. ती आता एका शाळेत झाडलोट करते. दुपारची सुट्टी होती. पायरीवर बसून डबा खात होती. मी उभ्यानेच सांगितलं. तिने घास गिळला, डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "तुमचा भाऊ शिक्षेच्या आधी माझ्याकडे आला होता. इथेच उभा होता. तुमच्या माणसाची चूक नव्हती म्हणाला. मला वाटलं, यानेच मारलं आणि आता तोंड घेऊन आलाय. मी त्याच्या तोंडावर थुंकले."

हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का?

"त्याने पुसलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "रस्ता ओलांडून गेला तरी पुसलं नव्हतं. मी बघत होते."

मी म्हणालो, "मी समोर उभा आहे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हणाली, "तुमच्यासाठी माझ्याकडे काही उरलं नाही. जा तुम्ही. कचेरीत जा आधी."

मी फाटकापर्यंत गेल्यावर तिने हाक मारली आणि तुमचा पत्ता मागितला. मी पाठ सांगितला, तिने पुन्हा म्हणून दाखवला. तुम्ही रागवाल हे कळत होतं, तरी दिला. ती सहा एप्रिलच्या रविवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येते आहे. तुम्हाला आधी कळवावं असं तिनेच सांगितलं.

मी म्हणालो, "वहिनी दार उघडतील की नाही, सांगता येत नाही."

ती म्हणाली, "नको उघडू देत. थोडा वेळ बाहेर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन."

तुमचा दीर